शेतकरी आला की आले?

इंग्रजीच्या पेपरात ‘शीप’चं अनेकवचन ‘शीप्स’ लिहिलं की अर्धा गुण कटला. ‘डिअर’ला एस लावला, आणखी अर्धा गेला. पुढे ‘फिश’, ‘एअरक्राफ्ट’, ‘सीरीज’, ‘स्पीशीज’ रांगेत उभेच असतात. का लावायचा नाही एस, असं एखाद्या पोराने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: “अपवाद आहे. पाठ करा.”

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पाव शतक झालं, झरी जामणीतल्या कोलाम पोडावरचं लेकरू घरी कोलामी, वर्गात मराठी आणि फळ्यावर इंग्रजी अशी तिहेरी कसरत करत मेंढरांना एस लावायचा नाही हे घोकतंय. पुसदकडच्या तांड्यावरचं पोरगं तेच गोरमाटीतून घोकतंय. मेंढरं दोघांनीही रोज पाहिलेली. पेपर काढणाऱ्याने पाहिली असतीलच, याची खात्री नाही.

आता या अपवादांची कुळकथा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती. नपुंसकलिंगातल्या एका मोठ्या गटाला अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे. मेंढी, हरीण आणि डुक्कर यांचे इंग्रजी शब्द त्या गटातले. घोडा, घर, शब्द आणि वस्तू यांचेही त्याच गटातले. पुढे एसची लाट आली. घर, घोडा, शब्द, वस्तू यांनी मुकाट्याने एस लावून घेतला, मेंढी, हरीण आणि डुक्कर तेवढे हटून बसले. मासा तर मुळात या कुळातला नव्हताच. त्याला रीतसर अनेकवचन होतं, ते पुढे कुठेतरी गळालं. ‘सीरीज’ आणि ‘स्पीशीज’ लॅटिनमधून तशाच उचलून आणलेल्या. म्हणजे आपलं पोर ज्यासाठी मार्क गमावतं, ती साहेबाच्या घरातली न झाडलेली अडगळ आहे.

‘डिअर’ची गोष्ट तर आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कुठलंही जनावर असा होता, पुढे तो आक्रसत हरणापुरता उरला. आपल्या ‘मृगा’चं हेच झालं. मृग म्हणजे मूळचं कुठलंही रानजनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि शिकार ही मृगया. यवतमाळच्या कास्तकाराने तो आणखी पुढे नेला. त्याच्या लेखी मृग म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात यावा आणि न यावा तो पाऊस. तोही एकवचन-अनेकवचनात सारखाच. एक पाऊस, चार पाऊस. पेरणी मात्र पेरण्या होते, कारण दुबार करावी लागते.

शिकारीचं नाव निघालंच आहे, तर इंग्रजीची एक खोड सांगून ठेवतो. शिकाऱ्यांच्या इंग्रजीत हरणाचीच नव्हे, वाघ-सिंह-हत्तींचीही तीच गत. ‘तीन टायगर मारले’, ‘पाच लायन पाडले’, एस नाही. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकात वाघाला एस लागतो. बंदुकीच्या नळीपुढे आला की एस गळतो. जे पाडायचंच आहे, ते एकेक कशाला मोजा? सावज झालं की त्याचं अनेकवचन संपलं. ही खोड लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

*

मौज अशी, की इंग्रजी जिथे गप्प बसते तिथे मराठी घडाघडा बोलते. मेंढी-मेंढ्या, हरीण-हरणं, मासा-मासे. आणि इंग्रजी जिथे एस लावून मोकळी होते, तिथे मराठी तोंडात गुळणी धरून बसते. पुल्लिंगी नाम आकारान्त नसलं तर त्याचं अनेकवचन तसंच राहतं: देव, दगड, बैल, वाघ, लाडू. संस्कृतातून आलेली शाळा, सभा, भाषा ही आकारान्त स्त्रीलिंगी मंडळीही तशीच. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या जाडजूड व्याकरणापासून आजच्या गाइडापर्यंत हा नियम मांडलेला आहे. इंग्रजीत असे शब्द बोटांवर मोजण्याइतके, म्हणून ते अपवाद. आपल्याकडे हजारोंनी, म्हणून तो नियम.

आणि यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांचा कारभार याच न बदलणाऱ्या शब्दांवर चालतो.

योजना घ्या. एक योजना, शंभर योजना. १९७२ ला एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. २००६ ला विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज आलं. २००८ ला देशाची कर्जमाफी, २०१७ ला राज्याची एक, २०१९ ला राज्याची दुसरी. दर वेळी फलकावरचा फोटो वेगळा, गमछ्याचा रंग वेगळा, शब्द तोच. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, “बाबा, योजना मिळाल्या का?” तो कान टवकारून विचारतो, “कोनती?” अनेकवचनी प्रश्नाचं एकवचनी उत्तर. हा जिल्ह्याचा खरा आर्थिक पाहणी अहवाल.

चहा आणि चर्चा घ्या. मार्च २०१४ मध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ झाली आणि गावाचं नाव देशभर झालं. एक चहा, हजार चहा. एक चर्चा, हजार चर्चा. दोन्ही शब्द ढिम्म. त्यामुळे तेव्हापासून किती चहा झाले आणि किती चर्चा झाल्या, याचा हिशेब व्याकरणातून निघत नाही. ‘फळ’ या शब्दाचं अनेकवचन मात्र ‘फळं’ असं स्पष्ट होतं. त्यासाठी आधी एक तरी धरायला हवं.

भाव घ्या. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. हा झाला एक भाव. गाडी खाली करायच्या आधीचा दुसरा, ओलावा मोजल्यावरचा तिसरा, ‘आज बारदाना नाही, नेता का परत?’ असं ऐकल्यावरचा चौथा. शब्द एकच, भाव. क्विंटलही तसाच, एक क्विंटल, दहा क्विंटल. एकरही तसाच. जे पिकतं त्याचं माप बदलत नाही, ज्यावर पिकतं त्याचंही नाही.

मग बदलतं काय? तेही बघून घ्या, म्हणजे व्याकरणावर पक्षपाताचा आरोप नको. हप्ता-हप्ते. तगादा-तगादे. दौरा-दौरे. वायदा-वायदे. मोर्चा-मोर्चे. पंचनामा-पंचनामे. खड्डा-खड्डे. हेलपाटा-हेलपाटे. शेतकऱ्याच्या वाट्याला जे जे वाढत जातं, ते सगळं आकारान्त पुल्लिंगी निघालं आणि नियमाप्रमाणे बिनचूक अनेकवचन घेतं. मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तो उगाच नाही. तिला आपला माणूस ओळखू येतो.

‘वचन’ या शब्दाच्या दोन अर्थांवरचा विनोद मी इथे करणार नाही. निवडणुकीच्या काळात तो प्रत्येक मंचावर प्रत्यक्षच करून दाखवला जातो.

*

नाम गप्प बसलं तरी मराठीत संख्या लपून राहत नाही. ती क्रियापदात बाहेर पडते. ‘वाघ आला’ म्हटलं की एक, ‘वाघ आले’ म्हटलं की पळा.

वावरात रोही शिरतात त्याची एक गंमत सांगतो. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. हाही शब्द न बदलणारा, एक रोही, वीस रोही. रात्रीतून तुरीचा फडशा पडतो. सकाळी पंचनाम्याला माणूस येतो, धुऱ्यावर उभा राहतो, मोबाइलमध्ये फोटो काढतो आणि विचारतो, “रोही आल्ता का आल्ते?”

कास्तकार म्हणतो, “सायेब, म्या काय त्याइची हजेरी घेतली? वावर पाहा, मंग तुमीच सांगा.”

साहेब वावर पाहतात आणि ‘आला’ असं लिहून घेतात. एकाने केलेलं नुकसान कमी असतं. जिल्ह्यातल्या कितीक नुकसानभरपाया अशा एका मात्रेवर अडकून पडल्या असतील, देव जाणे. तोही न बदलणाराच.

आता हेच क्रियापद माणसाला लावा. इथे मराठीने एक सोय करून ठेवलीय. मान द्यायचा असेल तर एकट्या माणसालाही अनेकवचनी क्रियापद लावायचं. पालकमंत्री आले. किती आले? एकच. पण क्रियापद ताफ्यासकट येतं. कलेक्टर आले, आमदार आले, भाऊ आले. ‘भाऊ’ हा तर विदर्भाच्या फ्लेक्सवरचा सार्वभौम शब्द. चौकात एक भाऊ किंवा अकरा भाऊ, शब्दात फरक नाही. अकरा असले तर फक्त फ्लेक्सचा आकार वाढतो आणि वीस फुटी रस्ता दहा फुटी होतो.

मंत्री, आमदार, अधिकारी, साहेब, भाऊ, शेतकरी. व्याकरणात हे सगळे एकाच पंगतीला बसतात, एकालाही अनेकवचनी प्रत्यय नाही. वाढप सुरू झालं की फरक कळतो. पंचविशीतला नवा अधिकारी दारातून आत आला की कचेरी म्हणते, ‘साहेब आले’. साठीतला कास्तकार त्याच दारातून आत आला की ऐकतो, ‘काय रे, कुठला तू? आधार आणलं का?’ दोघंही एकेकटे. एकाला अनेकवचन, दुसऱ्याला एकवचन. नियम विचाराल तर दामल्यांच्या व्याकरणात नाही, खुर्चीच्या उंचीत आहे.

इंग्रजीत याच थाटाचा एक शब्द आहे, ‘हेडक्वार्टर्स’. शेवटी एस आहे, पण ठिकाण एक असो की दहा, शब्द तोच. आपल्याकडे कर्मचाऱ्याने ‘मुख्यालयी’ राहावं असा नियम आहे. घरभाडं मुख्यालयाचं आणि राहणं यवतमाळात किंवा अमरावतीत, अपडाऊन करून. गावात मुख्यालयाचा फक्त एस तेवढा मुक्कामी असतो.

*

मघाची शिकाऱ्याची खोड आठवते ना? आता टिपेश्वरला चला. केळापूर-घाटंजीच्या पट्ट्यात सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. इथल्या वाघाला आता कुणी सावज म्हणून मोजत नाही. झाडाझाडाला कॅमेरे, प्रत्येकाच्या अंगावरच्या पट्ट्यांची वेगळी नोंद, प्रत्येकाला क्रमांक. टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९ च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. मराठवाडा आणि तेलंगणाची हद्द तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यावरून त्याचा पत्ता लागत होता. चाल तीन हजार किलोमीटरवर गेली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत तो ‘वॉकर’ या नावाने गाजला. त्याचं पाऊलन्‌पाऊल नोंदलेलं आहे.

पांढरकवडा-राळेगाव भागातली ती वाघीण आठवा. वनखात्याच्या कागदावर टी-वन, प्राणिप्रेमींच्या फलकावर अवनी. तेरा माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता. तिच्यासाठी हत्ती आणले, ड्रोन उडवले, परदेशी अत्तर शिंपडलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी लागली, तेव्हा मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या. मेणबत्त्यांबद्दल माझी तक्रार नाही, वाघीण होतीच तशी. पण हिशेब बघा. एका वाघिणीला नावं दोन. तेरा माणसांना मिळून नाव एक, ‘तेरा’.

शेतकऱ्यालाही आता ओळख क्रमांक मिळू लागलाय, हे खरं. फरक एवढाच, की वाघाचा क्रमांक त्याला शोधत कुणीतरी निघावं म्हणून असतो. शेतकऱ्याचा क्रमांक त्याने स्वतः घेऊन कचेरीत यावं म्हणून असतो. ‘वॉकर’ तोही आहे. तालुक्याला किती चकरा झाल्या, याचा पट्टा मात्र त्याच्या गळ्यात कुणी बांधलेला नाही.

*

इथून पुढचा मजकूर तिरकस लिहिता येत नाही. शब्दच सरळ उभा राहतो.

‘आत्महत्या’. आकारान्त, स्त्रीलिंगी, संस्कृतातून आलेली. एक आत्महत्या, हजार आत्महत्या. ‘योजना’ आणि ‘घोषणा’ यांच्याच रांगेतली.

१९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि चार मुलं यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला जगाचा निरोप घेतला. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद सांगितली जाते. एक आत्महत्या, असं आपण म्हणतो, आणि माणसं सहा. मोजणीची गफलत पहिल्याच नोंदीत झाली, ती आजवर दुरुस्त झालेली नाही. अलीकडे दर १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. शासनाच्या दिनदर्शिकेत १ जुलै आहे. तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, कृषी दिन. याच जिल्ह्यातल्या पुसदचे नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. जुलैतला एक दिवस आणि मार्चमधला एक दिवस, दोन्ही यवतमाळनेच महाराष्ट्राला दिले. साजरा करायला सोपा तो शासनाने ठेवून घेतला.

पुढे मोजणीसाठी समिती आली. ती शेतकरी मेला का, असं विचारत नाही, ‘पात्र’ मेला का, असं विचारते. जमीन त्याच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. वसुलीचा तगादा कागदावर हवा. जमीन म्हाताऱ्या बापाच्या नावावर आणि कर्ज सोयऱ्याकडून हातउसनं, मग तो अपात्र. हे विशेषणही लिंग-वचनाने बदलत नाही. अपात्र पुरुष, अपात्र बाई, अपात्र दोनशे. पात्र ठरला तर घराला एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. वन्यप्राण्याने मारलेल्या माणसाच्या वारसाला शासनाने २०२२ मध्ये २० लाख केले, ते योग्यच केलं. पण या दोन आकड्यांकडे एकत्र बघितलं तर यवतमाळात मरताना कुणाच्या हातून मरावं, याचाही विचार माणसाने करून ठेवलेला बरा.

आणि हे सगळं कुठल्या बारीक धाग्यावर लटकलंय, तेही बघा. ‘शेतकऱ्यासाठी मदत’ आणि ‘शेतकऱ्यांसाठी मदत’. ‘शेतकऱ्याचा प्रश्न’ आणि ‘शेतकऱ्यांचा प्रश्न’. एक शेतकरी आणि लाखो शेतकरी यांच्यातला फरक म्हणजे एक टिंब. टंकलेखकाच्या डुलकीत ते पडलं की लाखांचे एक होतात. भाषणात तर ते ऐकूही येत नाही. वऱ्हाडीने मात्र हा धोका आधीच ओळखला असावा. तिने टिंबावर विसंबायचं नाकारलं. एकाला ‘शेतकऱ्याले’ आणि अनेकांना ‘शेतकऱ्यायले’. मधला तो ‘य’ ठणठणीत ऐकू येतो. मुंबईत बसून वऱ्हाडीला हसणाऱ्यांनी जरा विचार करावा. संख्या दडवता येत नाही अशी बोली कुणाची आहे आणि दडवता येते अशी कुणाची?

*

वर्तमानपत्रांनी, म्हणजे आम्हीच, तर क्रियापदाचाही काटा काढला. मथळे बघा. ‘शेतकरी हवालदिल’. ‘शेतकरी संकटात’. ‘बोंडअळीने शेतकरी त्रस्त’. नाम बदलत नाही, विशेषण बदलत नाही, क्रियापद जागेअभावी रद्द. एक आहे की एक लाख, वाचणाऱ्याने ओळखावं. मंत्र्यांचा मथळा तसा सुटत नाही. तिथे ‘म्हणाले’ असतंच, मग दुसऱ्या बातमीचा गळा कापावा लागला तरी चालेल.

त्याहून लाडका आमचा शब्द ‘बळीराजा’. राजा-राजे असं अनेकवचन इतिहासात रीतसर होतं. ‘बळीराजे’ असं मात्र कुठल्या मथळ्यात वाचलंत? बळीराजा कायम एकटा. एकटा चिंतेत, एकटा आभाळाकडे डोळे लावून. दहा लाखांना एकच मुकुट घातला की दहा लाख वेळा उत्तर द्यावं लागत नाही.

पुढारी हीच युक्ती उलटी वापरतात. एक माणूस उचलायचा आणि त्याच्या खांद्यावर अख्खं अनेकवचन ठेवायचं. मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या शेतकरी विधवा कलावतीबाई २००८ च्या जुलैत, अणुकराराच्या वेळी, संसदेतल्या भाषणात आल्या. २०२३ च्या अविश्वास ठरावाच्या चर्चेत त्या पुन्हा आल्या, या वेळी दुसऱ्या बाजूने. एक बाई, पंधरा वर्षं, दोन पक्ष. देशातल्या सगळ्या गरीब बायकांचं ओझं तिच्या एकवचनी नावावर. ‘विधवा’ हा शब्दही न बदलणाराच, त्यामुळे एकीचं नाव घेतलं की बाकीच्या आपोआप आल्या असं मानायला व्याकरण आड येत नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. निमंत्रण एकच होतं, तेही सांभाळता आलं नाही. शेवटी शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. व्यासपीठावरच्या एका बाईला त्या दिवशी अख्ख्या मराठी सारस्वताने उभं राहून ‘वैशालीताई आल्या’ म्हटलं. आदरार्थी अनेकवचन, अगदी शुद्ध. तेरा तारखेला मांडव उतरला. त्यानंतर त्यांच्यासारखी दुसरी एखादी तलाठ्याच्या दारात गेली, तेव्हा तिथलं क्रियापद पुन्हा ‘ए बाई’वर आलं असेल, असं म्हणायला ज्योतिषी लागत नाही.

*

तेव्हा या आठवड्याची आमची मागणी पॅकेजची नाही. कर्जमाफीचीही नाही, ती मागायला मोठमोठी माणसं आहेत. आमची मागणी फक्त क्रियापदाची आहे. नाम शासनाने बदलू नये, ते व्याकरणाने नक्की केलंय. पण कचेरीच्या खिडकीपाशी एकटा कास्तकार उभा राहिला तर ‘शेतकरी आले’ म्हणावं. ‘या, बसा, पाणी घ्या, काय काम काढलंत?’ एवढी चार क्रियापदं, सगळी अनेकवचनी. साहेबांसाठी ती रोज वापरली जातातच, म्हणजे कर्मचाऱ्यांना नव्याने प्रशिक्षणही द्यावं लागणार नाही.

यासाठी शासननिर्णय लागत नाही. अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही. समिती नको, पोर्टल नको, केवायसी नको. सर्व्हर डाऊन असला तरी ‘बसा’ म्हणता येतं. अंमलबजावणी उद्या सकाळी दहा वाजता, सोळाही तालुक्यांत एकाच वेळी सुरू होऊ शकते. खर्च शून्य.

ही मागणी मान्य होणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. जिच्यात निविदाच निघत नाही, अशी सुधारणा राबवायची कुणी?